सीटमागचा हात

प्रिय सारथी,

सायकल घेतली. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, नाहीतर तू म्हणशील की मुद्द्यावर यायला या माणसाला वाटेतले सगळे थांबे घ्यावे लागतात. घेऊनही आता बरेच दिवस झाले. तुझ्या ताईंनी तुला फोटोही दाखवले असतील, आपली भिंगरी मान वाकडी करून सायकलवर बसलेली वगैरे. पण फोटोत येत नाही असं काहीतरी मला तुला सांगायचंय. फोनवर ताईंशी बोलताना ते कितीदा जिभेवर आलं आणि दर वेळी मी हवापाण्याचं काहीतरी बोलून फोन ठेवला. म्हणून आज दुपारी दुकानाचं दार आतून लावून घेतलं, काउंटरवरचे चष्मे बाजूला सारले आणि लिहायला बसलो. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. रोज लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणणारा मी, आज स्वतःला जे दिसलं ते नीट वाचता येतंय का, ते बघतोय.

ताई, पानांचे फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवतोय, हे तुम्हीच तिला वाचून दाखवणार. एक विनंती आहे. मधे थांबू नका, आणि 'हे काय भलतंच' म्हणून एकही ओळ गाळू नका. डॉक्टर म्हणतात ना, तिला ऐकू जात असेल, तिच्याशी बोलत राहा. तर मग हे सगळं जाऊ दे तिच्या कानावर.

बिनपेडलचीच घ्यायची, हे तुझं भिंगरी रांगत होती तेव्हापासून ठरलेलं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी छोटी चाकं लावलेल्या सायकली दिसल्या की तू नाक मुरडायचीस. त्यावर पोरं पुढे जायला शिकतात, तोल सांभाळायला नाही, आणि मोठी झाली की नेमकी माझ्याच बससमोर येतात, म्हणायचीस. डेपोच्या जिन्यावरून तू पडलीस त्याच्या थोडे दिवस आधी मला दुकानसुद्धा दाखवून ठेवलं होतंस, डेपोच्या मागच्या गल्लीतलं. त्यानंतर हॉस्पिटल, ऑपरेशन, मग ताईंच्या गावातलं हे सेंटर आणि तुझी खिडकीजवळची खाट. सायकल कुणाला आठवणार? पण भिंगरी अडीच वर्षांची झाली, चालायचं सोडून नुसती धावायला लागली, खुर्ची ढकलत घरभर फिरायला लागली, तेव्हा माझी आईच म्हणाली, "अरे, हिच्या पायांना काहीतरी काम दे, नाहीतर माझे पाय कामातून जातील."

दुकानातल्या बाईंनी मला आधी सायकली दाखवल्याच नाहीत. कानामागची पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा मुलगी मोजू." भिंगरीला भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन पायांमध्ये एक पातळ पुस्तक वरपर्यंत सरकवलं आणि भिंतीवर खूण केली. सीट या खुणेच्या दोन बोटं खाली बसली पाहिजे, दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, गुडघे जरासे वाकलेले राहिले पाहिजेत. वय सांगून सायकल मागणारे लोक म्हणजे डोळे न तपासता चष्मा मागणारेच की, असं माझ्या मनात आलं आणि मी त्या बाईंवर एकदम खूश झालो. मग आमचं चांगलंच रंगलं. लाकडी सायकल दिसायला देखणी, पण सीट वर-खाली करायला मोजकीच भोकं, आणि वजनाला जड. दुसरीला फोमची चाकं, पंक्चरची भानगड नाही, पण खडीवरून जाताना दात वाजतील. एकीला हँडलवर ब्रेक होता, तर बाई म्हणाल्या, एवढ्याशा मुठीत ब्रेक मावत नाही, या वयात पाय हाच ब्रेक. मी प्रत्येक सायकल एका हाताने उचलून बघत होतो. बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुम्हाला उचलता येते याचं काय कौतुक? पडली की हिनेच उचलायचीय. हिला बघू द्या."

भिंगरीने लाल सोडली, पिवळी सोडली आणि कोपऱ्यातली एक मळकट हिरवी सायकल उचलली. हलकी, हवेच्या चाकांची. तिच्यावर बसली आणि बसल्याबसल्या दोन्ही पाय वर घेतले. सायकल उभीच राहिली. चालती सायकल उभी राहते एवढं मलाही कळतं. ही चालत नव्हती. जागच्या जागी उभी होती, फळीवर ठेवलेल्या वस्तूसारखी, आणि भिंगरी वर बसून पाय हलवत आमच्याकडे बघत होती. बाई "अरे वा" म्हणाल्या. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं आणि त्या वाकून सीटच्या मागे बघायला लागल्या. "मागून धरलंय का कुणी?" कोण धरणार? मी समोर, हातात लाकडी सायकल. दुकानात आमच्याशिवाय माणूस नव्हतं. मग भिंगरीचे पाय खाली आले, सगळं नेहमीसारखं झालं, आणि मी 'फरशी सपाट असेल' असं काहीतरी स्वतःला सांगून टाकलं. पिशवीत पाना आणि पंप भरून देताना बाईंनी मान वर केली नाही.

घरी आल्यावर आईने सायकल सगळीकडून चाचपली. "पेडल नाही, चेन नाही, घंटी नाही. अरे, अर्धीच सायकल देऊन पाठवलं की तुला."

मुलं ही सायकल आधी दोन पायांत धरून चालतात, मग बसून चालतात, मग ढांगा टाकतात, आणि पुष्कळ दिवसांनी कधीतरी पाय उचलतात. बाईंनी तसं समजावून सांगितलं होतं. भिंगरीने पहिल्या संध्याकाळीच पाय उचलले. आपलं अंगण फाटकापासून घराकडे उतरतं हे तुला माहीतच आहे. मेन रोडकडून येणारी गल्लीही उतरतच खाली येते. तू ड्यूटीवर असताना त्या वरच्या वळणावर हॉर्न दोनदा हलकेच वाजवायचीस आणि भिंगरी पाळण्यात टाळ्या पिटायची. तर त्या उतारावर सायकलला वेग यायला हवा. तो येत नव्हता. फाटकापासून पायरीपर्यंत ती एका संथ चालीत यायची, बाजूने कुणीतरी चालत असावं तशी. पडली नाही, गुडघा फुटला नाही. आईला भारी कौतुक. "पोटातूनच शिकून आलीय. आईवर गेलीय." मी मात्र अंगणातली धूळ बघत होतो. पुढच्या चाकाची नक्षी स्वच्छ उमटली होती. मागच्या चाकाची नुसती फरफट. ते चाक फिरतच नव्हतं, घासत येत होतं. ब्रेक दाबल्यावर घासतं तसं. आणि त्या सायकलला ब्रेक नाही.

मग ती 'सोड' म्हणायला लागली. आधी हळू, समोर बघतच. मग वैतागून, मान वळवून, सीटच्या मागे माझ्या कमरेएवढ्या उंचीवर बघून. "सोड ना!" मी तिच्यापासून चांगला लांब, पायरीवर बसलेलो. "कुणाला सांगतेस गं?" "हाताला." "कुणाच्या हाताला?" यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चमच्याला काय म्हणतात ते विचारलंय. "हात आहे," ती म्हणाली, "तो सोडतच नाही." मी तो विषय आईजवळ काढला नाही. आईने त्या दिवसापासून अंगणातला दिवा उजेड असतानाच लावायला सुरुवात केली.

एके सकाळी सीट वर घ्यायच्या निमित्ताने सायकल आपल्या दुकानात आणली. काउंटरवर आडवी ठेवली आणि भिंगाखाली सीट बघितली. वरचं आवरण मऊ रबराचं आहे. त्याच्या मागच्या कडेला, खालच्या अंगाने चार खळगे, वरून एक. भिंगरीच्या बोटांचे म्हणावेत तर फार मोठे. माझी बोटं लावून बघितली तर माझी जाड पडली. शेवटचा खळगा बाकीच्यांपासून फटकून, बाहेरच्या बाजूला. बसच्या दारात सापडून तुझी करंगळी वाकडी झाली, त्याला किती वर्षं झाली गं? मी भिंग खाली ठेवलं. एक गिऱ्हाईक चष्मा पुसून घ्यायला उभं होतं. मी त्याची काच पुसली, परत पुसली, आणखी एकदा पुसली. शेवटी तो म्हणाला, "राहू द्या हो, भोक पडेल."

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. "तिची मूठ मिटली," एवढंच कसंबसं म्हणाल्या आणि रडायला लागल्या. उजवी मूठ, रोज संध्याकाळी, थोडा वेळ. डॉक्टरांनी बजावलं होतं की अशा हालचाली होतात, लगेच काही अर्थ काढू नका. पण ती उंच सिस्टर म्हणत होती की जोर तर बघा, मला उघडता येत नाही. मी फोन ठेवला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेव्हासुद्धा तुझी मूठ आणि सीटवरचे खळगे यांचा संबंध माझ्या डोक्यात लागला नव्हता, किंवा लागला असेल आणि मी तो मानला नसेल.

शनिवारी मी आलो. तू मला बघितलं नसशील, म्हणून सांगतो. पडदा अर्धा ओढलेला होता. ताई पायाशी बसून शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. तुझे केस त्यांनी दोन बाजूंना विंचरून बांधले होते, त्यात तू खूप लहान दिसत होतीस, मी पहिल्यांदा बघितली त्याच्याही आधीची. उन्हं कलली तशी सिस्टर म्हणाली, "थांबा दादा, आता बघाच." आणि तुझा हात चादरीवरून उठला. फार नाही, वीतभर. अंगठा वर, चार बोटं खाली, आणि मिटला. कड असलेली एखादी वस्तू धरतो तसा. मी माझं बोट मुठीत सारायला गेलो. मूठ रिकामी होती आणि तरी आत जागा नव्हती. मग तो मिटलेला हात हळूहळू पुढे सरकायला लागला, न थांबता, एका लयीत, आणि ती चाल माझ्या ओळखीची होती.

मी दारात जाऊन घरी फोन लावला. "आई, भिंगरी काय करतेय?" "सायकलवर आहे, अंगणात. का रे?" "तिला जरा उतरव." "आत्ता? भोकाड पसरेल ती." "उतरव गं." फोनमधून भिंगरीचं रडणं ऐकू आलं आणि इकडे तुझी बोटं एकेक करून सैल झाली. हात चादरीवर पडला. "उतरवली," आई म्हणाली. "आता?" "आता परत बसव." आई मला नाही नाही ते बोलायला लागली, पोरीची काय थट्टा चालवलीय वगैरे, आणि ती बोलत असतानाच तुझा हात पुन्हा उठला, अंगठा वर, बोटं खाली. "बसली बघ," आई म्हणाली. मला ते आधीच कळलं होतं.

मी घाबरायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला की मी सेंटरच्या जिन्यात बसून तोंडावर रुमाल धरून हसलो. कारण सगळे जण मला सांभाळून सांगत होते की ती तिथे असेलच असं नाही. आणि तू होतीस. तुला कुठूनतरी आपलं अंगण सापडलं होतं, आणि सापडल्यावर तू पहिलं काय केलंस, तर पोरीला मागून धरलंस. मग मी दुकान लवकर बंद करायला लागलो. रोज संध्याकाळी भिंगरीला सायकलवर बसवायचं, ती कंटाळली तरी 'अजून एक फेरी गं, माझी शहाणी ती' म्हणायचं, आणि मग ताईंच्या फोनची वाट बघायची. आज जास्त वेळ धरलं होतं. आज कोपर हललं. आज खांदा. डॉक्टरांचा सूरही बदलला, ते आता 'व्यायाम' म्हणायला लागले. मीही तो शब्द उचलला. तुझ्या हाताला व्यायाम. भिंगरी हल्ली 'सोड' म्हणत नव्हती, नुसती ओठ मिटून बसायची, आणि मी ते शहाणपण समजलो.

एके दिवशी सायकल मागे गेली. भिंगरी पायरीपाशी पोचली होती, पाय वर, तोंड घराकडे, आणि सायकल थांबली आणि मागे जायला लागली. उतारावरून वर. कुणी दाराआडून हळूच गाडा ओढावा तशी. भिंगरीला गंमत वाटली, ती खिदळली. मीही हसलो, मला वाटलं तू खेळतेस तिच्याशी. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेली. त्यानंतर मी फाटकाला कडी घालायला लागलो. आणि मग गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपडे देऊन गेला आणि फाटक उघडं राहिलं.

मी पैसे देऊन वळलो तर अंगणात कुणी नव्हतं. गल्लीत बघितलं. भिंगरी सायकलवर, पाय हवेत, तोंड माझ्याकडे, आणि ती वर चालली होती, चढाला, पाठमोरी, मेन रोडकडे. तुझं सेंटर त्याच दिशेला आहे. धावत गेलेल्या माणसाला गाठता येऊ नये असा काही वेग नव्हता, पण मी हँडल धरलं तेव्हा ती रस्त्याच्या अगदी तोंडाशी होती. धरल्यावरही सायकल थांबली नाही. माझ्या हातातून ओढली जात होती. आणि ती ओढ मी ओळखली, सारथी. थंडीत पांघरुणावरून आपली जी ओढाताण चालायची, तू झोपेत, मी जागा, तू एक हिसका द्यायचीस आणि मग चिवटपणे ओढत राहायचीस. अगदी तीच. पण झोपेत तुला कधीतरी दया यायची. मागून दुधाची गाडी कचकन ब्रेक दाबून थांबली, ड्रायव्हर ओरडला, आणि तेव्हा कुठे सायकल एकदम हलकी झाली आणि मी भिंगरीला घेऊन मागे बसलो, रस्त्यातच. ती तोवर हसत होती. माझा चेहरा बघून रडायला लागली.

ताईंचा फोन खिशात वाजतच होता. त्या आनंदाने भराभर बोलत होत्या. तुझा हात पार खांद्यातून ओढला गेला होता, खाटेचा कठडा खडखड वाजला, तू अर्धी कुशीवर वळलीस. डॉक्टर धावत आले. "एवढा जोर! उद्या डोळे उघडेल बघा ती," ताई म्हणाल्या. मी रस्त्याच्या कडेला पोरीला घट्ट धरून बसलो होतो आणि म्हणालो, "हो ताई, उघडेल."

सायकल माळ्यावर टाकली. आता सांगतो ते ताईंनाही माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. त्याच संध्याकाळपासून तुझा हात शोधायला लागला. मिटायचा, उघडायचा, चादर चाचपायचा, सिस्टरचा एप्रन धरायचा आणि सोडून द्यायचा, आपला नव्हे म्हणून. तुला ताप चढला. डॉक्टरांनी मला विचारलं, घरी काही बदललंय का, तिच्या कानावर काही वेगळं गेलंय का? मी नाही म्हणालो. इकडे रोज उन्हं कलली की माळ्यावर फळीवरून चाक फिरल्याचा आवाज यायचा. पुढे, मागे. पुढे, मागे. आई टीव्हीचा आवाज वाढवायची. भिंगरी वर बघायची आणि पुन्हा आपल्या खेळात लागायची, इतकी सवय झालेली. परवा आवाज बंद झाला. मला सुटल्यासारखं वाटलं.

काल संध्याकाळी भिंगरी स्वयंपाकघरात उभी होती, चमच्याने डबा वाजवत. मी भांडी विसळत होतो. डबा वाजायचा थांबला म्हणून वळून बघितलं. तिचा फ्रॉक पाठीमागे ताणला गेला होता, कंबरेच्या वर, एका जागी चिमटीत धरल्यासारखा. कापडाला त्या जागेपासून सुरकुत्या पडलेल्या. आणि ती मागे सरकत होती, मोज्यांवरून, गुळगुळीत फरशीवरून, दाराकडे. या वेळी ती हसली नाही. हाकही मारली नाही. डोळे मोठे करून नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला उचललं. क्षणभर आपण दोघांनी तिला धरलं होतं, सारथी, दोन बाजूंनी. मग फ्रॉक सुटला. कापडावर पाच ओले ठसे होते, तापलेल्या, घामेजलेल्या हाताचे.

हे पत्र त्यासाठी आहे. तू तिला न्यायला बघत नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू स्वतःला बाहेर काढायला बघतेस. जिथे कुठे आहेस तिथून तुझ्या हाताला जे पहिलं सापडलं ते तू धरलंस, आणि ती भिंगरी होती यात नवल काय? पण ती अजून एवढीशी आहे. तू तिच्या आधाराने वर यायला गेलीस तर तूही येणार नाहीस आणि तीही राहणार नाही. तिला सोड. आजच, ताईंनी हे वाचून संपवलं की सोड. आणि घाबरू नकोस, तुझा हात मी रिकामा ठेवणार नाही. भिंगरी आईजवळ राहील. दुकानाला मी सुट्टीची पाटी लावलीय, पोचायला संध्याकाळ होईल. मी तुझ्या उजव्या बाजूला बसेन आणि माझं मनगट तुझ्या हातात देईन. मी जाडजूड माणूस आहे, तूच म्हणतेस, बसमध्ये दोघांची जागा घेतो. खाटेच्या पायाला पाय लावून बसेन. सकाळपर्यंत, परवापर्यंत, लागेल तितके दिवस. सिस्टरला सांगून ठेवतो की मनगट काळंनिळं झालं तरी सोडवायला येऊ नका. मला धर, सारथी, आणि सगळा जोर लावून ओढ.

वाट बघून कंटाळलेला, आता वाटेला लागलेला,
तुझाच,
चष्मेवाला